झाकणाची स्प्रिंग सुटी मिळाली पाहिजे

मा. श्री. प्रल्हाद जोशी,
केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली.

महोदय,

विजेच्या मोटारीला चार्जिंगची केबल जिथं लावतात, तिथं एक झाकण असतं. तळहाताएवढं, गाडीच्याच रंगाचं. त्याच्या पाठीमागं एक बिजागरी, एक स्प्रिंग, एक खटका आणि कडेनं रबराची पट्टी. काही गाड्यांत खटक्याऐवजी छोटी मोटर असते. एवढ्याच गोष्टीबद्दल मी हे पत्र लिहितो आहे आणि सर्वांना वाचता यावं म्हणून ते खुलं ठेवतो आहे. आपल्याकडं ग्राहकांचं खातं आहे, नवीकरणीय ऊर्जेचंही आहे. लोकांनी विजेच्या गाड्या घ्याव्यात असं सरकारला मनापासून वाटतं. त्या घेतल्यावर त्यांच्या बारीकसारीक दुरुस्त्या कुठं आणि कशा व्हायच्या, हा प्रश्न मात्र आमच्यासारख्या जिल्ह्यांत अजून कुणी नीट हातात घेतलेला नाही.

पेट्रोलच्या गाडीचं टाकीचं झाकण महिन्यातून दोन-चारदा उघडतं. आत टाकीला आट्यांचं बूच असतं, म्हणून बाहेरचं झाकण तुटलं तरी गाडी वर्षभर तशीच पळते. विजेच्या गाडीचं तसं नाही. ती रोज रात्री घरी चार्जिंगला लावायची वस्तू आहे. बहुतेक कंपन्या बॅटरीला आठ वर्षांची हमी देतात. रोज एकदा धरलं तरी त्या आठ वर्षांत हे झाकण जवळजवळ तीन हजार वेळा उघडतं आणि मिटतं. पेट्रोलच्या झाकणाला एवढा वापर जन्मात होत नाही. मग त्याची स्प्रिंग, त्याचा खटका या वापराच्या हिशेबानं घडवलेला असतो का, हा पहिला प्रश्न.

या झाकणाआड काय असतं ते सांगतो, म्हणजे मी एवढा आग्रह का धरतो ते लक्षात येईल. आपल्याकडच्या बहुतेक मोटारींना सीसीएस-2 पद्धतीचं पोर्ट आहे. वरच्या गोल भागात सात पिनांच्या जागा, घरच्या वा सोसायटीतल्या एसी चार्जिंगसाठी. खाली दोन जाड पिना, जलद डीसी चार्जिंगसाठी. वरच्या सातांपैकी दोन बारीक पिना वीज वाहून नेत नाहीत. त्यातल्या एकीवरून गाडी आणि चार्जर आधी आपसांत बोलतात. बारा व्होल्टपासून सुरुवात, केबल बसली की नऊ, गाडी तयार झाली की सहा, असा हा इशारा असतो. हे बोलणं पुरं झाल्याशिवाय मुख्य पिनांत वीज येतच नाही. त्यामुळं झाकण उघडं राहिलं आणि आत पाऊस गेला तर हात लावताच झटका बसेल, ही जी भीती गावोगाव ऐकू येते, ती बरीचशी निराधार आहे. पोर्टच्या तळाला पाणी निघून जायला भोकही ठेवलेलं असतं.

धोका दुसऱ्याच बाजूनं येतो. उघड्या पोर्टमध्ये धूळ बसते, ते निचऱ्याचं भोक बुजतं, मग पाणी साचतं, पिनांवर गंज चढतो. जलद चार्जर वीज सोडण्याआधी इन्सुलेशन तपासतो आणि त्याला ओलाव्याचा संशय आला की चार्जिंगच नाकारतो. गंजलेल्या पिनेचा तर हिशेबच मांडता येतो. जोडाचा रोध अर्धा मिलिओहम आहे आणि दोनशे अँपिअर वाहताहेत असं समजा. त्या एका जोडावर वीस वॅट उष्णता तयार होते. रोध दुप्पट झाला की चाळीस. पोर्टमधला तापमानाचा सेन्सर ते ओळखतो आणि गाडी चार्जिंगचा वेग कमी करते. गाडीवाल्याला एवढंच दिसतं की पूर्वी पाऊण तासात होणारं चार्जिंग आता फार वेळ खातं. तो चार्जरला दोष देतो, महावितरणला दोष देतो. दोष असतो न मिटणाऱ्या झाकणाचा. आणि पोर्टच बदलायची वेळ आली, तर तिथून बॅटरीकडं जाणाऱ्या नारिंगी रंगाच्या उच्चदाबाच्या केबलना हात घालावा लागतो. ते काम खरोखर जोखमीचं आहे आणि महागही. स्प्रिंग वेळेवर मिळाली, तर तिथवर जावंच लागत नाही.

आता आमच्या अहिल्यानगर जिल्ह्याकडं या. पारनेर, कर्जत, जामखेड, पाथर्डी हा पर्जन्यछायेचा मुलूख. फेब्रुवारीपासून जूनपर्यंत इथं धूळ ही हवेइतकीच सर्वत्र असते. उत्तरेकडं गोदावरी-प्रवरेच्या पट्ट्यात, कोपरगाव-राहुरीकडं गळीत हंगाम सुरू झाला की उसाच्या ट्रॉल्यांमागून चालणाऱ्या गाडीवर पाचटाचा भुगा बसतो. नगर-मनमाड रस्त्याच्या खड्ड्यांबद्दल मी वेगळं काय लिहू? इकडचा माणूस त्यावर वर्षानुवर्षं बोलतोच आहे. त्या हादऱ्यांनी बिजागरीच्या पिना सैल होतात. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो आणि उन्हात उभ्या गाडीची रबरी पट्टी कडक होऊन तडकते. शिवाय कुंभारमाशी आहे. भिंतीचं भोक, पाण्याचा पाइप, टांगलेल्या सदऱ्याची बाही, कुठंही मातीचं घर करणारी ही माशी. अर्धवट उघडं राहिलेलं चार्जिंग पोर्ट तिला आयतं मिळतं. पिनेच्या भोकात वाळलेली माती कोरून काढणं म्हणजे काय, हे कारखान्याच्या वातानुकूलित खोलीत बसून झाकणाचं चित्र काढणाऱ्या अभियंत्यानं एकदा येऊन पाहावं, असं मला मनापासून वाटतं. थंड देशांत हेच झाकण बर्फानं गोठतं आणि त्यावर तिथल्या कंपन्यांनी उपाय शोधले, कारण तिथल्या ग्राहकानं तो प्रश्न लावून धरला. आमचा बर्फ म्हणजे ही धूळ.

मागच्या पावसाळ्यात माझ्या गाडीचं झाकण बसेनासं झालं. दाबलं की मिटायचं, हात काढला की परत वर यायचं. कंपनीचं नाव मी मुद्दाम घेत नाही, कारण ओळखीच्या आणखी काहींच्या गाड्या निराळ्या कंपन्यांच्या आहेत आणि त्यांना मिळालेली उत्तरं थोड्याफार फरकानं हीच आहेत. सर्व्हिस सेंटरचं उत्तर असं होतं: स्प्रिंग सुटी येत नाही, खटका सुटा येत नाही, पूर्ण असेंब्ली घ्यावी लागेल, ती रंगाशिवाय येते, म्हणजे बॉडीशॉपमध्ये रंगाचे पैसे वेगळे, भाग मागवावा लागेल, कधी येईल सांगता येत नाही, आणि झाकण झिजणाऱ्या भागांत मोडतं, तेव्हा वॉरंटीत बसेलच असं नाही. बाहेर कुठं हात लावू दिलात तर उरलेली वॉरंटीही जाईल, ही ताकीद वर.

आमच्या शहरात कायनेटिक चौकाच्या बाजूला एक जुने मिस्त्री आहेत. त्यांच्याकडं गाडी नेली. टॉर्च मारून, झाकण दोनदा हलवून ते म्हणाले, “सर, खटका शाबूत आहे. स्प्रिंगचा दम गेलाय. अर्ध्या तासाचं काम.” मी म्हटलं, करा मग. ते थांबले. म्हणाले, “करतो की. पण उद्या बॅटरीत काही निघालं तर कंपनी माझ्याकडं बोट दाखवील. तुमची लाखांची वॉरंटी माझ्या अंगावर कशाला घेऊ?” आणि त्यांनी पैसे न घेता गाडी परत दिली.

मंत्री महोदय, हे पत्र मी लिहितो आहे ते मिस्त्रींच्या त्या वाक्यापायी. ज्या माणसाला रोग कळला, औषध ठाऊक होतं आणि हातात हत्यार होतं, त्यानं केवळ भीतीनं माघार घेतली. पुढं पावसाळाभर पोर्टवर प्लास्टिक बांधून आम्ही दिवस काढले आणि शेवटी पूर्ण असेंब्लीच बसवावी लागली. जुनी मी मागून घेतली. तिची बिजागरी धड आहे, रबर धड आहे, खटका आजही टक्कन बसतो. मेली आहे ती स्प्रिंग. एका स्प्रिंगपायी एवढा चांगला माल भंगारात काढायचा, हे पर्यावरणासाठी घेतलेल्या गाडीच्या बाबतीत तरी होऊ नये.

मिस्त्रींची ती भीती कायद्यानं कधीच संपायला हवी होती. 25 ऑगस्ट 2014 रोजी भारतीय स्पर्धा आयोगानं चौदा मोटार कंपन्यांविरुद्ध निर्णय दिला. सुटे भाग, दुरुस्तीची माहिती आणि निदानाची यंत्रं स्वतःच्या अधिकृत जाळ्याबाहेर जाऊ न देऊन या कंपन्या ग्राहकाला बांधून ठेवतात, असं आयोगाला आढळलं. सुमारे 2,544 कोटी रुपयांचा दंड झाला. दंडापेक्षाही मला महत्त्वाचे वाटतात ते त्यातले आदेश. सुटे भाग आणि माहिती स्वतंत्र गॅरेजांना मिळाली पाहिजे. बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द अशी अट घालता येणार नाही. बाहेरच्या चुकीच्या कामानं जेवढं नुकसान झालं असेल, तेवढ्यापुरतीच वॉरंटी नाकारता येईल. पुढं अपिलं झाली. डिसेंबर 2016 मध्ये अपील न्यायाधिकरणानं काही कंपन्यांबाबत निष्कर्ष कायम ठेवले, पण दंडाचा हिशेब बदलून तो बराच खाली आणला. आयोगाच्या त्या निर्णयाला दशक उलटून गेलं. माझ्या गावातल्या सर्व्हिस काउंटरवर मात्र ‘बाहेर हात लावला तर वॉरंटी गेली’ हे वाक्य आजही तितक्याच ठामपणे ऐकवलं जातं, आणि ग्राहक ते खरं मानतो, कारण उलट सांगणारा कागद त्याच्या हातात कुणी दिलेला नाही.

आपल्याच खात्यानं जुलै 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. शेतीची अवजारं, मोबाइल व टॅबलेट, घरगुती उपकरणं आणि मोटारी अशी चार क्षेत्रं तिनं निवडली. त्याच वर्षी 24 डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, ‘राइट टु रिपेअर’चं पोर्टल सुरू झालं. मे 2025 मध्ये दुरुस्ती-योग्यता निर्देशांकाचा अहवालही आला. वस्तू दुरुस्त करायला किती सोपी, भाग मिळतात का, काय किमतीला, यावर तिला गुण द्यायचे ही कल्पना मला फार मोलाची वाटते. फ्रान्सनं ती 1 जानेवारी 2021 पासून अमलात आणली. परंतु आपल्याकडं सुरुवात मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणांपासून करायचं ठरलं. मोबाइल पंधरा-वीस हजारांचा, विजेची मोटार दहा-पंधरा लाखांची. कित्येक कुटुंबांचं घरानंतरचं हेच सगळ्यात मोठं कर्ज. तिला या निर्देशांकात मागं का ठेवायचं? युरोपीय संघानं 2007 च्या नियमानं मोटारींच्या दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजांना खुली करायला लावली. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात 2012 मध्ये लोकांनी मतदानानं मोटार दुरुस्तीचा हक्क मिळवला. म्हणजे जगानं दुरुस्तीच्या हक्काची सुरुवातच मोटारीपासून केली आहे.

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. विजेची गाडी म्हणजे चारशे व्होल्टची बॅटरी. ती कुणाही मिस्त्रीच्या हाती कशी द्यायची? नाहीच द्यायची. नारिंगी केबल दिसली की प्रशिक्षण नसलेल्या माणसानं हात मागं घ्यावा, हे मीही ठणकावून सांगेन. पण झाकण, बिजागरी, स्प्रिंग, खटका, रबर, पोर्टमधला दिवा आणि झाकणाची मोटर ही सगळी मंडळी त्या केबलच्या अलीकडची आहेत. यातली वीज लागणारी साधनंसुद्धा बारा व्होल्टच्या साध्या बॅटरीवर चालतात, आरशाच्या मोटरसारखी. तेव्हा कंपन्यांनी प्रत्येक मॉडेलसाठी लिहून द्यावं की हे भाग कुणीही कुशल कारागीर बदलू शकतो आणि या रेषेपलीकडं फक्त प्रशिक्षित माणूस. आज ती रेषा कुठंच आखलेली नसल्यानं, सुरक्षेचं कारण पुढं करून स्प्रिंगसुद्धा उच्चदाबाच्या खात्यात टाकली जाते. रेषेपलीकडच्या कामासाठी माणसंही तयार होताहेत. आयटीआयमध्ये ‘मेकॅनिक इलेक्ट्रिक व्हेइकल’ हा ट्रेड आला आहे. ती पोरं शिकून बाहेर पडतील तेव्हा त्यांना भाग आणि नकाशे मिळणारच नसतील, तर त्यांनी गावात गॅरेज कशाच्या जोरावर टाकायचं?

हे मी नगरहून लिहितो आहे याला थोडा अर्थ आहे. आमच्या कायनेटिक चौकाचं नाव ज्या कारखान्यावरून पडलं, त्या फिरोदियांच्या कायनेटिकनं 1972 मध्ये लुना बाजारात आणली. पन्नास सीसीची, पायडल असलेली ती गाडी देशभर पोचली. शिक्षक, दूधवाले, वायरमन, पोस्टमन तिच्यावरून फिरले. तिची उघडीवाघडी रचना पाहून सायकलचा मिस्त्रीसुद्धा तिला हात घालायला कचरत नसे, आणि ब्रेकची वायर वायर म्हणूनच मिळे, तिच्यासाठी अर्धी गाडी विकत घ्यावी लागत नसे. फेब्रुवारी 2024 मध्ये लुना विजेवर परत आली. म्हणजे साधी, दुरुस्त होणारी गाडी कशी असते हे या गावाला कुणी शिकवायला नको.

दौंड रस्त्याला संरक्षण खात्याची वाहन संशोधन आणि विकास संस्था आहे, सगळे तिला व्हीआरडीई म्हणतात. केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या 126 व्या नियमात गाड्यांना मान्यतेसाठी तपासणाऱ्या ज्या संस्था नमूद आहेत, त्यांत पुण्याच्या एआरएआयबरोबर आमची व्हीआरडीईही आहे. माझी विनंती आहे की आपण परिवहन आणि अवजड उद्योग खात्यांशी बोलून चार्जिंगच्या झाकणासाठी टिकाऊपणाची वेगळी चाचणी घालावी: धूळ, हादरा आणि ऊन सोसून बॅटरीच्या हमीइतकी वर्षं हे झाकण रोज मिटतं की नाही. जागा शोधत फिरायला नको. धूळ, हादरा, ऊन आणि चाचणीची धावपट्टी, सगळं इथं एका ठिकाणी आहे.

राज्य सरकारनं 2025 च्या धोरणात समृद्धी महामार्गावर विजेच्या मोटारींना टोलमाफी ठरवली. महामार्गांवर पंचवीस-पंचवीस किलोमीटरला चार्जिंगची सोय करण्याचं उद्दिष्टही त्यात आहे. समृद्धी आमच्या कोपरगाव तालुक्यातून जातो. नागपूर-शिर्डी टप्पा 11 डिसेंबर 2022 ला खुला झाला, तेव्हापासून विदर्भातून साईबाबांच्या दर्शनाला येणारी मंडळी याच वाटेनं येतात. हे सगळं स्वागतार्ह आहे. पण चार्जर जागोजागी झाले आणि गाडीचं पोर्टच मातीनं भरलं असेल, तर शिर्डीच्या पार्किंगमध्ये अडकलेल्या कुटुंबाला त्या चार्जरचा काय उपयोग? त्या वेळी त्यांना तालुक्याच्या गावात मिळणारा एक खटका हवा असतो आणि तो निर्धास्तपणे बसवणारा माणूस.

म्हणून आपल्याकडं मागणं असं. दुरुस्ती-योग्यता निर्देशांकात विजेच्या मोटारी घ्या, आणि गुण देताना असेंब्ली मिळते का एवढं न पाहता तिच्यातली स्प्रिंग, खटका, रबर सुटं मिळतं का ते पाहा. प्रत्येक सुट्या भागाची किंमत कंपनीनं जाहीर करावी आणि तो किती दिवसांत पोचवणार तेही. पुण्या-मुंबईत नव्हे, जिल्ह्याच्या ठिकाणी. वॉरंटीच्या पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर, ग्राहकाच्या भाषेत, आमच्याकडं मराठीत, छापलेलं असावं की बाहेर दुरुस्ती केल्यानं वॉरंटी सरसकट जात नाही. तेच वाक्य सर्व्हिस सेंटरच्या काउंटरमागं भिंतीवर लावायला लावा. आपल्या खात्याच्या 1915 या हेल्पलाइनवर ‘वॉरंटी जाईल अशी धमकी’ ही तक्रारीची वेगळी नोंद ठेवा. पुण्यात 1974 साली बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत उभी केली, तेव्हा ग्राहकाला हक्क असतो हेच पटवावं लागत होतं. आज हक्क लिहिलेला आहे. तो कुणाला दाखवता येत नाही, एवढी उणीव राहिली आहे.

हे होईपर्यंत माझ्यासारख्या गाडीवाल्यांसाठी दोन ओळी, कारण हे पत्र तेही वाचतील. झाकण अडकलं तर स्क्रू ड्रायव्हरनं उचकटू नका. पोर्टवर पाण्याचा फवारा मारू नका. पिनांना तेल-ग्रीस लावू नका. त्यावर धूळ आणखी चिकटते. गाडी बंद करून, केबल काढून, मऊ कोरड्या ब्रशनं खटक्यातली माती काढा, निचऱ्याचं भोक मोकळं करा, रबराला थोडा सिलिकॉन स्प्रे कापडावर घेऊन लावा. कितीतरी झाकणं एवढ्यानंच पुन्हा बसू लागतात. पिना काळ्या पडलेल्या, वितळल्यासारख्या दिसल्या तर चार्जिंग थांबवा आणि गाडी प्रशिक्षित माणसाकडंच न्या. आणि असेंब्ली बदलली तर जुनी मागून घ्या. त्यातला धड भाग दुसऱ्या कुणाच्या कामी येतो.

येत्या 24 डिसेंबरला पुन्हा राष्ट्रीय ग्राहक दिन येईल. त्या दिवशी दिल्लीत कार्यक्रम होईलच. त्याआधी आपल्या खात्याची एक सुनावणी अहिल्यानगरला घ्यावी, अशी माझी विनंती आहे. कंपन्यांचे प्रतिनिधी, व्हीआरडीईचे अभियंते, आयटीआयचे निदेशक आणि इथले मिस्त्री एका टेबलाभोवती बसू द्या. माझ्या गाडीची जुनी असेंब्ली घेऊन मी येईन. तिच्यातली स्प्रिंग सुटी का विकता येत नाही, याचं उत्तर कंपन्यांनी त्या मिस्त्रींसमोर द्यावं.



आपला,
एक वाहनधारक ग्राहक
सावेडी, अहिल्यानगर